जाणणं, करणं आणि बाळगणं : युरोपातल्या पोर्सिलेनची गोष्ट

आज दोन पुस्तकांबद्दल बोलायचं आहे आणि दोन्ही पांढऱ्या भांड्यांविषयी आहेत. एक, ब्रूस चॅटविनची ‘उट्झ’ ही कादंबरी. १९८८ सालची, छोटीशी, एका बैठकीत वाचून होते. दुसरं, एडमंड डी वाल यांचं ‘द व्हाइट रोड’, २०१५ सालचं, चांगलं जाडजूड. डी वाल स्वतः चाकावर बसून भांडी घडवणारे आहेत. युरोपला पोर्सिलेन कसं साधलं आणि साधल्यावर त्या मंडळींना त्याचं कसं वेड लागलं, ही हकिकत दोन्हींत येते. पहिल्या पुस्तकाशी माझं भांडण मोठं आहे, दुसऱ्याशी लहान. पण भांडणाआधी भांडं समजलं पाहिजे, म्हणून तिथून सुरुवात करते.

आपण मराठीत सगळ्यालाच चिनी माती म्हणून मोकळे होतो. लोणच्याची बरणी चिनी मातीची, कपबशी चिनी मातीची, न्हाणीघरातलं बेसिनही चिनी मातीचंच. शब्द सोयीचा आहे, पण त्याने एक महत्त्वाचा फरक झाकला जातो. घरी गेल्यावर एक पातळ, चांगल्यापैकी कप दिव्यासमोर धरा आणि मागे बोटं ठेवा. बोटांची सावली दिसली, तर ते पोर्सिलेन. बरणीचं असं होत नाही. बरणी कठीण असते, तिच्यातून तेल झिरपत नाही, पण उजेडही जात नाही. युरोपीय लोकांना हवं होतं ते बरणीच्या पुढचं : दगडासारखं घट्ट आणि तरीही उजेड आत घेणारं. गंमत अशी, की त्यांनी त्याला नाव दिलं ते देशावरून नाही, कवडीवरून. इटालियन भाषेत ‘पोर्चेलाना’ म्हणजे कवडी. तीच झळाळी दिसली म्हणून तोच शब्द. म्हणजे आपण विचारलं, हे कुठून आलं? आणि त्यांनी विचारलं, हे कशासारखं दिसतं?

हा दुसरा प्रश्न त्यांना फार महागात पडला. दिसतं काचेसारखं, तर मग मातीत काच मिसळू या, असा विचार झाला. फ्लॉरेन्समध्ये फ्रान्चेस्को द मेदिची याने १५७५ पासून पुढची बारा-एक वर्षं हाच प्रयोग करवून घेतला. त्यातून आलेली भांडी सुंदर आहेत, पण भट्टीत वाकलेली, बुडबुडे आलेली, आणि जगात आज साठ-सत्तरच उरली आहेत. चीनमध्ये जे होत होतं ते निराळंच होतं. तिथे दोन द्रव्यं लागत : केओलिन, म्हणजे उष्णता सोसणारी पांढरी माती, आणि पेतुन्त्से, म्हणजे त्या उष्णतेत वितळून मातीचे कण एकमेकांत बांधून टाकणारा दगड. एक हाड, एक मांस, असं म्हणायची तिकडे पद्धत होती. वर भट्टी तेराशे अंशांच्या पुढे न्यायची. आपल्या कुंभाराचा आवा हजाराच्या पुष्कळ खाली थांबतो, एवढं लक्षात घेतलं तरी अंतर कळेल.

व्यापाराबद्दल फार बोलत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. पोर्तुगीज जहाजांतून हा माल येई, मकाव, मलाक्का आणि आपलं जुनं गोवं करत लिस्बनला जाई. १६०३ मध्ये डच लोकांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज लुटलं. त्यात पोर्सिलेनचे लाखभर नग होते असं सांगतात. पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅममध्ये लिलाव झाला आणि उत्तर युरोपला चटक लागली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एवढी टीप घ्यावी, की या लुटीचं समर्थन लिहिण्यासाठी डच कंपनीने ह्यूगो ग्रोशियस नावाच्या तरुण वकिलाला गाठलं. समुद्र सर्वांसाठी खुला आहे, हा त्याचा प्रसिद्ध सिद्धांत त्या लिखाणातून बाहेर पडला. कपबशीचं देणं आंतरराष्ट्रीय कायद्यालाही लागतं ते असं.

आता मुख्य गोष्टीकडे. ती साधारण अशी सांगतात : योहान फ्रीडरिश ब्योटगर नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, बर्लिनला औषधी दुकानात उमेदवारी करणारा, आपल्याला सोनं करता येतं अशी हवा करतो. प्रशियाचा राजा मागे लागतो म्हणून १७०१ मध्ये सॅक्सनीत पळतो. तिथला राजा, बलदंड ऑगस्टस, त्याला धरून कोंडून ठेवतो. सोनं काही होत नाही, पण शेवटी त्याच्या हातून पांढरं सोनं होतं. टाळ्या.

या गोष्टीत एक माणूस नेहमी कडेला उभा असतो. एरनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस. मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा या माणसाबद्दल मी जरा हळवी आहे, हे आधीच मान्य करून टाकते. जन्म १६५१. लायडनला शिकला. स्पिनोझाशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि त्याने स्पिनोझाला विचारलेले प्रश्न इतके नेमके आहेत, की आजही ‘एथिक्स’ शिकवताना त्यांना चुकवून पुढे जाता येत नाही. ‘एथिक्स’ तेव्हा छापलेलं नव्हतं. हस्तलिखित ज्या मोजक्या लोकांकडे विश्वासाने दिलेलं होतं, त्यांत चिर्नहाउस होता. १६७५ मध्ये पॅरिसला त्याची लायब्निट्झशी ओळख झाली. याला हस्तलिखित दाखवू का, असं त्याने एका मित्रामार्फत विचारलं. स्पिनोझाने सांगून पाठवलं, इतक्यात नको, आधी माणूस नीट कळू दे. गुपित कसं राखायचं, हे चिर्नहाउसला पोर्सिलेनच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होतं.

त्याचा ग्रंथ ‘मेडिसिना मेंटिस’, मनाचं औषध. १६८७ साल. त्यातला एकच मुद्दा आज हवा आहे. तो म्हणतो, एखाद्या वस्तूची खरी व्याख्या म्हणजे ती कशी उत्पन्न होते याचं वर्णन. वर्तुळ म्हणजे मध्यबिंदूपासून सारख्या अंतरावरच्या बिंदूंची रेषा, हे खरं असलं तरी दुबळं आहे. एक टोक स्थिर ठेवून रेषा फिरवा, हे सांगितलंत तर वर्तुळ कळलं. वस्तूचं आकलन म्हणजे मनात ती वस्तू घडवणं. विचाराची मुळं स्पिनोझात आहेत, पण चिर्नहाउसने तो प्रयोगशाळेत नेला. स्पिनोझा पोटासाठी भिंगं घासत होता. या गृहस्थाने सूर्याचा उजेड एका ठिपक्यात आणणारी प्रचंड भिंगं आणि आरसे तयार केले आणि त्या ठिपक्यात माती, दगड, धातू धरून काय वितळतं, काय तग धरतं, हे वर्षानुवर्षं पाहिलं.

आता हे पोर्सिलेनला लावून बघा. मेदिचीने विचारलं, ते कशासारखं आहे? चिर्नहाउसने विचारलं, ते होतं कसं? कवडीचा प्रश्न सोडून वर्तुळाचा प्रश्न घेतला. युरोपच्या शोधाला वळण इथे मिळालं असं माझं मत आहे, आणि हे वळण दैवाचं नव्हतं, पद्धतीचं होतं.

याला पुरावा आहे. ब्योटगरला चिर्नहाउसच्या देखरेखीखाली ठेवलं होतं. जानेवारी १७०८ मधली प्रयोगाची एक नोंद टिकून राहिली आहे. सात मिश्रणं आहेत. पहिलं नुसत्या मातीचं. पुढे माती आणि अलाबास्टर, चारास एक, पाचास एक, असं करत नवास एकपर्यंत. भट्टीत पाच तास. काही ढासळली, एकाने आकार धरला पण रंग गेला, आणि शेवटची तीन पांढरी आणि उजेड जाऊ देणारी निघाली. ही किमयागाराची वही वाटते का तुम्हाला? हे कोष्टक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं.

चिर्नहाउस त्याच वर्षी ऑक्टोबरात वारला. मार्च १७०९ मध्ये ब्योटगरने राजाला कळवलं, की आपण उत्तम पांढरं पोर्सिलेन करू शकतो. जानेवारी १७१० मध्ये कारखान्याचं फर्मान निघालं आणि जूनमध्ये माइसेनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग या किल्ल्यात काम सुरू झालं. मग शोध कोणाचा? यावर जर्मनीत दोन तट पडून भरपूर शाई खर्ची पडली आहे. मला तो वाद मुळातच लंगडा वाटतो. ब्योटगर कमी प्रतीचा नव्हता. त्याला भट्टीची आणि द्रव्यांची नजर होती, आणि चिर्नहाउस गेल्यावर झिलई, मोठे आकार, रोजचं उत्पादन हे त्याने आणि इतरांनी उभं केलं. ‘इतर’ म्हणजे फ्रायबर्गच्या खाणींतले आणि धातुभट्ट्यांवरचे कामगार, आणि पाब्स्ट फॉन ओहाइन नावाचा खाणखात्याचा अधिकारी. उष्णता वाढवायची कशी, भट्टीची वीट स्वतःच वितळू नये म्हणून काय करायचं, हे या लोकांच्या हातात होतं. ‘एक डोकं, एक गुपित’ ही कल्पना त्या दरबाराची होती. आपण तीनशे वर्षांनीही तिच्यातच बोलतो.

दरबाराला गुपित का हवं होतं, हे उघड आहे. गुपिताला कुलूप घालता येतं. ब्योटगर १७०३ मध्ये पळून ऑस्ट्रियापर्यंत पोचला होता, तर धरून परत आणला. स्वीडिश फौजा आल्या तेव्हा त्याला क्योनिगश्टाइनच्या गढीवर हलवला, मौल्यवान ऐवज हलवावा तसा. त्याची सुटका झाली १७१४ मध्ये, आणि १७१९ मध्ये सदतीसाव्या वर्षी तो संपला. ज्ञानाचेही तुकडे करून ठेवले होते. मातीच्या मिश्रणाची कृती एकाला, झिलईची दुसऱ्याला. जणू मंत्राचा पूर्वार्ध एका पुरोहिताकडे, उत्तरार्ध दुसऱ्याकडे. आणि झालं काय? श्ट्योल्त्सेल नावाचा कारागीर १७१९ मध्ये व्हिएन्नाला गेला आणि तिथल्या कारखान्यात पोर्सिलेन होऊ लागलं. दहा वर्षंही कुलूप टिकलं नाही.

आणि हे चाललं होतं त्याच सुमाराला, १७१२ मध्ये, दान्त्रकोल नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री चीनमधल्या जिंगदेझेनबद्दल लांबलचक पत्र लिहीत होता. तिथल्या कारखान्यांत तो फिरला होता, त्याने ख्रिस्ती झालेल्या कारागिरांना विचारलं होतं. त्याने लिहिलं, की भट्टीतून बाहेर पडेपर्यंत एक भांडं सत्तर जणांच्या हातांखालून जातं. कोणी फक्त काठाची निळी रेघ ओढतो, कोणी फक्त फुलं. सत्तर! ज्या वस्तूची आपण एका कोठडीत एका कैद्याकडून अपेक्षा करतो, ती जिथून येते तिथे एका माणसाची नव्हतीच कधी. हे पत्र युरोपात छापलं गेलं, वाचलं गेलं, आणि तरी गोष्ट किमयागाराचीच राहिली.

आता बाळगणाऱ्याकडे येऊ. ऑगस्टसने स्वतःच लिहून ठेवलं आहे, की संत्र्याच्या झाडांचं आणि पोर्सिलेनचं वेड सारखंच, ज्याला लागलं त्याला पुरेसं कधी वाटत नाही. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपल्या सैन्यातले ६०० स्वार दिले आणि बदल्यात चिनी पोर्सिलेनचे १५१ नग घेतले. हिशेब करा, एका नगाला जवळजवळ चार माणसं पडली. ती पलटण पुढे प्रशियात ‘पोर्सिलेन ड्रॅगून्स’ म्हणूनच ओळखली गेली. त्या मोठ्या निळ्या-पांढऱ्या झाकणाच्या बरण्या ड्रेस्डेनला आजही पाहायला मिळतात. १७२१ पासून संग्रहाची यादी सुरू झाली. प्रत्येक नगावर क्रमांक कोरून त्यात काळा रंग भरला. संग्रह वीस हजारांच्या पुढे गेला. तो ठेवायला एल्बे नदीकाठी अख्खा महाल, त्याला नाव ‘जपानी महाल’, आणि त्यासाठी जवळपास खऱ्या आकाराचे पोर्सिलेनचे प्राणी करण्याची फर्माइश. कारागीर सांगत होते, एवढा गोळा भट्टीत तडकतो. तडकला. ते प्राणी पाहिलेत तर अंगावर भेगा दिसतील. केंडलरसारखा असामान्य शिल्पकार त्या कामाला होता म्हणून त्यांत जीव आहे, पण ती भेग म्हणजे राजाच्या इच्छेचं मातीने दिलेलं उत्तर आहे. ऑगस्टस १७३३ मध्ये गेला. महाल पुरा झालाच नाही.

ही सगळी सामग्री हाताशी घेऊन ‘उट्झ’ वाचा. कास्पर उट्झ हा प्रागमधला संग्राहक. कम्युनिस्ट राजवटीत दोन खोल्यांत माइसेनच्या हजारावर मूर्ती घेऊन राहतो. सरकार त्याला संग्रह ठेवू देतं, पण त्याच्यामागे तो संग्रहालयाचा. दरवर्षी त्याला परदेशी जाता येतं, पळून जाता येईल, आणि दरवर्षी तो परत येतो. चॅटविनचं लेखन काय सांगावं, एक शब्द जास्त नाही. चॅटविन तरुणपणी लिलावाच्या पेढीत कामाला होता, त्याला वस्तू कळते. उट्झचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं : संग्रहालयातली वस्तू पिंजऱ्यातल्या जनावरासारखी होते, वस्तूला हात लागला पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी आहेत. काचेवर नाक टेकवून उभं राहताना माझ्या मनात हेच येतं.

मग भांडण कुठे? भांडण असं, की ‘हात’ म्हटल्यावर चॅटविनला फक्त मालकाचा हात दिसतो. उट्झ पोर्सिलेनवर बोलू लागला की ते आदमची माती, गोलेम, अमरत्वाचं द्रव्य या वाटेला जातं. ब्योटगर त्या पानांत गूढविद्येचा साधक होतो. ऐकायला मोठं सुरेख आहे, पण त्यात काय गेलं? कोष्टक गेलं. फ्रायबर्गचे भट्टीवाले गेले. मुख्य म्हणजे तुरुंग गेला. कारण कादंबरीत खरा कैदी आहे तो उट्झ, आपल्या मूर्तींचा कैदी, आणि ही कैद त्याने आपखुशीने पत्करलेली आहे. वाचकाला ती हवीहवीशी वाटते. ज्याला खरोखर कुलपात ठेवलं होतं त्याचं दुःख या ऐच्छिक कैदेची नक्षी होऊन बसतं. बाळगणाऱ्याची व्यथा ही करणाऱ्याच्या व्यथेहून खोल आहे, असं ही कादंबरी न बोलता मान्य करते. मला ते मान्य नाही.

आणि शेवट. उट्झ मेल्यावर संग्रह नाहीसा होतो. निवेदक अंदाज बांधतो, की उट्झने आणि मार्ताने, म्हणजे त्याच्या मोलकरणीने, जिच्याशी त्याने घर हातचं जाऊ नये म्हणून आधी लग्न केलं आणि जिच्यावर पुढे त्याचं खरंच प्रेम बसलं, त्या दोघांनी मिळून त्या मूर्ती फोडल्या असाव्यात. माणसावर प्रेम जडलं, वस्तूंची गरज सरली. कादंबरी म्हणून हा शेवट चोख आहे. पण चॅटविन १९६७ मध्ये प्रागला ज्या संग्राहकाला भेटला होता, रुडॉल्फ यूस्ट, त्याचा संग्रह फुटला नव्हता. तो २००१ मध्ये लंडनला लिलावात विकला गेला. कादंबरीकाराने वास्तवाची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं, की फोडणं म्हणजे मुक्ती, ही कल्पना ज्याच्या मालकीचं आहे त्यालाच सुचते. घडवणाऱ्याला विचारून पाहा.

डी वाल हे घडवणारे आहेत, आणि म्हणून त्यांचं पुस्तक मला अधिक मोलाचं वाटतं. ते जिंगदेझेनला जातात तेव्हा मातीच्या विटा, साचे, फुटक्या खापऱ्यांचे ढीग आणि काम करणारी माणसं दिसतात. चिर्नहाउसला ते कडेवरून मध्यभागी आणतात. तत्त्वज्ञाचं लेखन न टाळता वाचतात. माझी कुरकुर अशी, की पुस्तकात ‘मी’ फार आहे. पांढऱ्या रंगाची ओढ, पांढऱ्यासाठी यात्रा, आणि मग यात्रेला दैवतं लागतात. चिर्नहाउस दैवत झाला, की ब्योटगर पुन्हा लबाड पोर ठरायला लागतो आणि भट्टीवाले पुन्हा दोन ओळींत आटपतात. देव बदलला, देऊळ तेच.

पण एका ठिकाणी डी वाल जिथे जातात तिथे चॅटविन जात नाही, आणि त्यासाठी बाकी सगळं माफ. ते दाखाउला जातात. ‘आलाख’ नावाचा पोर्सिलेनचा कारखाना हिटलरच्या एस. एस. संघटनेच्या मालकीचा होता. १९३७ मध्ये तो दाखाउच्या छळछावणीला लागून आणला गेला आणि पुढे तिथले कैदी कामाला लावले. सुबक पांढऱ्या मूर्ती, हरणाची पाडसं, घोडेस्वार. हिमलर त्या भेट म्हणून वाटत असे. पुन्हा तीच मांडणी : ज्याला करता येतं तो बंदी, ज्याला करता येत नाही तो वाटणारा. पांढऱ्याला निरागस समजणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण वाचावं.

ड्रेस्डेनचंच एक उदाहरण देते आणि थांबते, मग प्रश्न घेऊ. गुस्ताव फॉन क्लेम्पेरर हे तिथले ज्यू बँकर. त्यांचा माइसेनचा संग्रह आठशेहून अधिक नगांचा होता. नोव्हेंबर १९३८ नंतर नाझींनी तो जप्त केला, कुटुंब देशोधडीला लागलं. युद्धात तो सुरक्षित जागी हलवत असताना १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री मालमोटारी ड्रेस्डेनच्या राजवाड्याच्या चौकात उभ्या होत्या. त्याच रात्री बॉम्बफेक झाली. ढिगाऱ्यातून काही नग, काही तुकडे निघाले. १९९१ मध्ये ते वारसांना परत मिळाले आणि त्यांतले बहुतेक वारसांनी ड्रेस्डेनच्याच संग्रहालयाला देऊन टाकले. राहिलेले काही २०१० मध्ये लंडनला लिलावात आले. जळून काळवंडलेले, हात तुटलेले, डोकं नसलेले. त्यांनाही गिऱ्हाईक मिळालं. त्या काळवंडलेल्या कडा बघितल्यात, तर झिलई कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, ते अगदी स्पष्ट दिसतं. अखंड नगात ते कधी दिसत नाही.